क्रेनवरून कोण, कधी उतरणार? कॅमेरा क्रेनची शंभर वर्षं आणि एक जुना नियम

या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना नावं आणि आकडे निसटून जातात, म्हणून इथं जरा सावकाश, नीट लावून मांडतोय. मी सिनेमावाला नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, हे नेहमीच्या श्रोत्यांना माहीत आहेच. पण एखादं यंत्र शंभर वर्षांत कसं बदलत गेलं, आणि ते बदलताना त्यातला धोका कुठून कुठं सरकला, हे शोधायला मला फार आवडतं. आजचं यंत्र आहे कॅमेरा क्रेन.

तुम्ही ती पाहिली आहे, नक्की पाहिली आहे. लालबागच्या विसर्जनाचं थेट प्रक्षेपण बघताना कॅमेरा गर्दीच्या डोक्यावरून सरकत मूर्तीपर्यंत जातो, ती क्रेन. गाण्यांच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये स्टेजच्या एका कोपऱ्यातून लांब काळा हात झुलताना दिसतो, तीही क्रेनच, आपल्याकडे तिला सर्रास 'जिमी जिब' म्हणतात. राजकीय सभा, क्रिकेट, आणि आता तर लग्नं. तालुक्याच्या गावी सुद्धा लग्नाच्या पॅकेजात 'ड्रोन आणि जिब' असं छापलेलं असतं.

म्हणजे जी वस्तू एकेकाळी फक्त मोठ्या स्टुडिओत होती, ती आज आपल्या आत्याच्या डोक्यावरून फिरतेय. म्हणून हा इतिहास नुसता सिनेमावेड्यांसाठी नाही.

आधी तराजू समजून घेऊ

बांधकामावरची क्रेन आणि कॅमेऱ्याची क्रेन यांत एक मोठा फरक आहे. बांधकामाची क्रेन इंजिनाच्या जोरावर वजन उचलते. कॅमेऱ्याची क्रेन बहुतेक वेळा काहीच उचलत नाही. ती तराजू आहे. एका बाजूला लांब हात आणि त्याच्या टोकाला कॅमेरा, मध्ये टेकू, दुसऱ्या बाजूला आखूड शेपूट आणि तिच्यावर वजनं. कोकणात जुन्या विहिरींवर एक आडवं लाकूड असायचं, एका टोकाला पोहरा आणि दुसऱ्या टोकाला बांधलेला दगड. पाणी भरलेला पोहरा माणूस दोन बोटांनी वर घ्यायचा, कारण काम दगड करत होता. कॅमेरा क्रेन म्हणजे तेच, फक्त पोहऱ्याच्या जागी कॅमेरा.

आता थोडं गणित. घाबरू नका, आठवीचं आहे. समजा हाताची पुढची बाजू ९ मीटर आणि मागची ३ मीटर. पुढं कॅमेरा आणि त्याला फिरवणारं हेड मिळून ३० किलो. हाताचं स्वतःचं वजन सध्या बाजूला ठेवू. ३० गुणिले ९ म्हणजे २७०. मागं ३ मीटरवर तेवढंच हवं, म्हणजे ९० किलो. ही ९० किलोची वजनं लावली की १२० किलोचा पसारा एका हाताने हलतो.

आणि इथंच सगळी गंमत आहे, आणि सगळा धोकाही. समतोल असलेली क्रेन इतकी शांत, इतकी हलकी वाटते की तिच्यात ताकद आहे हेच आपण विसरतो. पण कुणी घाईत पुढचा कॅमेरा काढून घेतला, तर? मागं ९० किलो तसेच आहेत. शेपूट धाडकन खाली येते आणि पुढचा ९ मीटरचा हात वर उडतो. टोकाचा वेग शेपटीच्या तिप्पट असतो, कारण अंतर तिप्पट आहे. मागं कुणाचा पाय असेल किंवा पुढं कुणाची हनुवटी असेल, तर पुढचं सांगायला नको.

हे डोक्यात ठेवा. आता इतिहासाकडे येऊ.

मनोरा, लिफ्ट आणि बॅबिलॉन

साल १९१६. दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ 'इन्टॉलरन्स' बनवतोय. लॉस एंजेलिसमध्ये बॅबिलॉन शहराचा प्रचंड सेट उभारलाय, भिंती इतक्या उंच की खालून कॅमेऱ्यात मावत नाहीत. ग्रिफिथला हवं होतं की प्रेक्षकाने आधी सगळं शहर वरून बघावं आणि मग हळूहळू माणसांपर्यंत खाली यावं. कॅमेरामन होता बिली बिट्झर.

उपाय काय काढला? रुळांवर चालणारा एक मनोरा बांधला आणि त्यात लिफ्ट बसवली. मनोरा पुढं ढकलायचा आणि त्याच वेळी लिफ्ट खाली सोडायची. दोन्ही हालचाली एकत्र झाल्या की पडद्यावर कॅमेरा तिरका तरंगत खाली येतो.

ही क्रेन नव्हती, तराजू तर नव्हतीच. पण कल्पना तीच होती, आणि धोकाही साधा, ओळखीचा होता. उंचावर माणसं आहेत, पडली तर मरतील. हा धोका प्रत्येकाला दिसतो. उंच शिडीवर चढलेल्या माणसाला 'सांभाळून रे' असं आपण आपोआप म्हणतो. तराजूचा धोका असा दिसत नाही, आणि तो अजून यायचा होता.

१९२९: हात आला

१९२० च्या दशकाच्या शेवटी सिनेमाला आवाज मिळाला आणि कॅमेऱ्याचे पाय बांधले गेले. तेव्हाचे कॅमेरे खडखड आवाज करायचे, माइक तो आवाज पकडायचा. म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही काचेची खिडकी असलेल्या बंद खोक्यात बसवायचे. मूकपटात जो कॅमेरा मुक्त फिरत होता, तो एका जागी खिळला.

या पार्श्वभूमीवर युनिव्हर्सल स्टुडिओने 'ब्रॉडवे' काढला. दिग्दर्शक पॉल फेयोश, मूळचा हंगेरीचा, आणि छायालेखक हॅल मोर. नाइट क्लबचा अवाढव्य सेट होता आणि फेयोशला त्या सेटभर उडायचं होतं. त्यासाठी स्टुडिओने एक भलीमोठी क्रेन बनवून घेतली. चाकांवरचा गाडा, त्यावर फिरणारा लांब पोलादी हात आणि हाताच्या टोकाला मचाण. त्या मचाणावर कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे माणसं.

इथं काय बदललं ते बघा. माणूस आता नुसता उंचावर नाही, तो तराजूच्या पारड्यात बसलाय. त्याचं स्वतःचं वजन हा यंत्राचा भाग झाला. बिट्झर मनोऱ्यावरून खाली उतरला असता तर मनोऱ्याला काही फरक पडला नसता. पण तोललेल्या क्रेनच्या मचाणावरून एक माणूस उतरला, तर पूर्ण यंत्राचं गणित बिघडतं.

आकड्यात सांगतो. समजा पुढचा हात ६ मीटर, मागचा २ मीटर. पुढं दोन माणसं आणि कॅमेरा मिळून २०० किलो, म्हणून मागं ६०० किलो लावलेत. शॉट झाला. हात खाली आला. ७० किलोचा एक माणूस 'झालं ना?' म्हणत टुणकन उडी मारून उतरला. त्या क्षणी मागची बाजू २१० किलोने जड झाली. आणि दुसरा माणूस अजून मचाणावर आहे.

तो आता गोफणीत बसलाय असं समजा.

सगळ्यात जुना नियम

म्हणून माणूस बसवणाऱ्या क्रेनच्या काळात एक नियम पक्का झाला, आणि हॉलिवूडच्या सुरक्षा पत्रकांत तो आजही आहे: क्रेन चालवणारा सांगेपर्यंत कुणीही उतरायचं नाही. दिग्दर्शक असलात तरी नाही. निर्मात्याचा फोन आला तरी नाही. पट्टा सोडायचा तोही विचारून.

तिकडे या माणसाला 'क्रेन ग्रिप' म्हणतात. आपल्याकडे क्रेन ऑपरेटर किंवा नुसतं 'क्रेनवाले दादा'. क्रम त्याच्या डोक्यात असतो. बसताना हात खाली धरून ठेवायचा, माणसं एकेक करून चढवायची, पट्टे बांधायचे आणि मग मागं वजनं वाढवत नेऊन तोल आणायचा. उतरताना बरोबर उलटं. हात खाली आणायचा, धरायचा, आधी मागची वजनं काढायची आणि मगच माणसाने उतरायचं.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच ओळखू येईल. हा स्टॅक आहे, शेवटी ठेवलेलं आधी काढायचं. घरच्या भाषेत सांगायचं तर ताटांची चळत. खालचं ताट ओढलंत की वरची सगळी फुटली.

या नियमात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सेटवर सगळ्यात मोठा आवाज दिग्दर्शकाचा असतो. 'अ‍ॅक्शन' तो म्हणतो, 'कट' तो म्हणतो. पण क्रेनवर बसला की तो फक्त एक वजन असतो. तिथं हुकूम चालतो तो यंत्र हातात धरलेल्या माणसाचा. पैशाची, मानाची, पोस्टरवरच्या नावाची सगळी उतरंड तेवढ्यापुरती उलटी होते. हा नियम कागदावर एका ओळीचा आहे, पण पाळायला फार अवघड आहे, कारण पाळणाऱ्याला मोठ्या माणसाला 'थांबा' म्हणावं लागतं.

जमीन, ट्रक आणि एक लांबलचक शॉट

पुढची काही दशकं क्रेन मोठी होत गेली. १९३९ च्या 'गॉन विथ द विंड'मध्ये स्टेशनच्या आवारात पडलेल्या जखमी सैनिकांवरून कॅमेरा वर वर जातो, तो शॉट अनेकांनी पाहिला असेल. हवी तेवढी उंची स्टुडिओच्या क्रेनला गाठता येईना, म्हणून बांधकामाची क्रेन आणली. ती चालताना हादरे बसू नयेत म्हणून तिच्यासाठी काँक्रीटचा उतार बांधला.

हा काँक्रीटचा उतार म्हणजे या गोष्टीतला दुसरा मोठा धडा. क्रेनचा विचार करताना आपलं लक्ष वर जातं, पण क्रेन पडते ती बहुतेक वेळा खालून. पायाखालची जमीन भुसभुशीत आहे, एक चाक दोन बोटं खचलं, पाया तिरका झाला. हात सरळ पुढं असताना चालून गेलं, पण तो बाजूला फिरवला की गुरुत्वमध्य पायाच्या बाहेर. म्हणून गवंडी वापरतो ती पाणसळ क्रेनच्या पायावर आधी ठेवायची, खाली फळ्या आणि पाचरी मारायच्या, आणि तोल बघायचा तो हात चारी दिशांना सावकाश फिरवून. पावसानंतर पुन्हा. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा. तुमच्या गैरहजेरीत कुणी काय हलवलं ते तुम्हाला माहीत नसतं.

१९४५ पासून राल्फ चॅपमन यांची कॅलिफोर्नियातली कंपनी या क्षेत्रात आली आणि ट्रकसारख्या गाड्यांवर बसवलेल्या क्रेन रूढ झाल्या. आता क्रेन स्टुडिओच्या सपाट फरशीवरून रस्त्यावर उतरली. १९५२ च्या 'हाय नून'मध्ये गॅरी कूपर रिकाम्या रस्त्यावर उभा आहे आणि कॅमेरा मागं मागं, वर वर जातो. संवाद नाही, पण हा माणूस एकटा पडला हे कळतं. १९५८ च्या 'टच ऑफ ईव्हिल'मध्ये तर ऑर्सन वेल्सने सुरुवातीलाच तीन मिनिटांपेक्षा लांब अखंड शॉट घेतला. गाडीच्या डिकीत बॉम्ब, गाडी रस्त्याने चाललीय, कॅमेरा छपरांवरून, गल्ल्यांतून तिच्यामागे. छायालेखक रसेल मेटी, आणि शूटिंग कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस गावात.

रात्र, रस्ता, गर्दी, चालता गाडा आणि वर हात. पडद्यावर आपण बॉम्बकडे बघत असतो. पडद्यामागे कितीतरी माणसं चाकं, हात आणि तोल सांभाळत चालत असतात. त्यातल्या एकालाही 'मला वाटलं तुला माहीत असेल' म्हणण्याची मुभा नसते.

पाणबुडीत सुचलेली कल्पना

मग फ्रान्स. ज्याँ-मारी लावालू आणि अलँ मासरों हे दोन तरुण लष्करी सेवेत असताना सैन्याच्या फिल्म विभागात होते. पाणबुडीच्या आत शूटिंग करायचं होतं. तिथं माणूस कसाबसा मावतो, कॅमेरा घेऊन सरकणार कुठून? त्यांनी कॅमेरा एका लांब दांड्याच्या टोकाला लावला आणि स्वतः मागं राहिले.

यातून पुढं तयार झाली 'लुमा' क्रेन. लावालूचा 'लू' आणि मासरोंचा 'मा'. पुढच्या टोकाला माणूस नाहीच. फक्त कॅमेरा आणि दुरून फिरवता येणारं हेड. कॅमेऱ्याला काय दिसतंय ते व्हिडिओवर खाली दिसतं आणि ऑपरेटर जमिनीवर बसून चाकं फिरवतो. रोमान पोलान्स्कीच्या १९७६ च्या 'द टेनंट'मध्ये ती वापरली. लंडनच्या डेव्हिड सॅम्युएल्सन यांनी ती पुढं विकसित केली. स्पीलबर्गने १९७९ च्या '१९४१' या चित्रपटात तिचा भरपूर वापर केला.

यानंतर हॉर्स्ट बुर्बुला यांची टेक्नोक्रेन आली. तिचा हात दुर्बिणीसारखा आतबाहेर होतो. आता हात लांब झाला की तोल बिघडणारच, म्हणून हात पुढं जाताना मागचं वजन आपोआप मागं सरकतं. गणित तेच, फक्त ते सतत, शॉट चालू असताना सोडवायचं. २००५ साली झालेल्या ऑस्करच्या तांत्रिक पुरस्कार सोहळ्यात लुमा आणि टेक्नोक्रेन दोन्हींचा गौरव झाला.

माणूस पारड्यातून उतरला. सुरक्षेच्या दृष्टीने हा केवढा मोठा बदल! पट्टा नको, उडी मारून उतरणारा दिग्दर्शक नको, गोफण नको. धोका संपला, असं वाटेल.

तो संपला नाही. त्याने जागा बदलली.

धोका कुठं गेला?

एक, तो खाली गेला. मचाणावर माणसं होती तोवर क्रेन जपून, दबकत हलायची, कारण वरचा माणूस ओरडला असता. रिकामा हात ओरडत नाही. तो जोरात फिरवता येतो, नटाच्या नाकापर्यंत नेता येतो, गर्दीच्या डोक्यावरून सोडता येतो. पूर्वी जोखीम कॅमेरामनची होती, आता हाताखाली उभ्या असलेल्या माणसाची आहे. आणि त्याला बऱ्याचदा माहीतही नसतं, कारण तो नाचतोय, टाळ्या वाजवतोय किंवा अक्षता टाकतोय.

दोन, तो तारांकडे गेला. हात हलका आणि लांब झाला, तशी क्रेन कुठंही नेता येऊ लागली, गल्लीत, शेतात, मंगल कार्यालयाच्या अंगणात. आणि आपल्याकडे वर तार नाही असं अंगण कुठंय? ऑपरेटरची नजर मॉनिटरवर असते, मॉनिटरमध्ये नवरदेवाचा घोडा दिसतो, ११ केव्हीची लाइन दिसत नाही. हात अ‍ॅल्युमिनियमचा, मागं धरणारा माणूस जमिनीवर उभा. म्हणजे विजेला जमिनीत जायला रस्ता आपणच हातात धरून दिलाय. जुन्या क्रेनवर वरच्या माणसाला निदान तार दिसायची.

अमेरिकेत कामाच्या सुरक्षिततेचा ढोबळ नियम असा आहे की ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारेपासून किमान १० फूट लांब राहायचं, व्होल्टेज वाढलं की अंतर वाढवायचं. लक्षात घ्या, हे अंतर हाताच्या आत्ताच्या जागेपासून नाही, हात जास्तीत जास्त जिथपर्यंत पोचू शकतो तिथपासून मोजायचं. कारण चुकून जाणारा हात ठरलेल्या जागीच थांबत नाही. आणि लागलीच तार, तर क्रेनला हात लावायचा नाही, वाचवायला धावायचं नाही. लांब जायचं ते पाय एकमेकांजवळ ठेवून, न उचलता, घासत, कारण आसपासच्या जमिनीतही करंट उतरलेला असतो. मग आधी वीज बंद करायला लावायची.

तीन, तो वाऱ्याकडे गेला. लांब हात म्हणजे शीड. किती वाऱ्यात काम बंद करायचं हे प्रत्येक क्रेनच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं आणि मॉडेलप्रमाणे ते वेगळं असतं. ती पुस्तिका ऑफिसच्या कपाटात असून उपयोग नाही. ती सेटवर हवी.

आणि चार, सगळ्यात गुपचूप, तो जोडणी-काढणीच्या वेळेत गेला. शॉट चालू असताना सगळे सावध असतात. पॅकअप झालं की सगळे दमलेले असतात, टेम्पोवाला हॉर्न वाजवत असतो आणि कुणीतरी महागडा कॅमेरा आधी सुखरूप काढून घ्यायला धावतो. कॅमेरा महाग, म्हणून तो आधी. भावना समजते. पण मागं ९० किलो तसेच आहेत! माणूस पारड्यातून गेला, तरी नियम तोच राहिला. जोडताना आधी कॅमेरा, मग वजनं थोडी थोडी. काढताना आधी वजनं, मग कॅमेरा. १९२९ नंतरच्या मचाणावरच्या माणसाच्या जागी फक्त कॅमेरा आलाय.

आपल्याकडे

१९ फेब्रुवारी २०२०. चेन्नईजवळच्या ईव्हीपी फिल्म सिटीत 'इंडियन २'चा सेट लावला जात होता. मोठे दिवे उचललेली एक क्रेन कोसळली आणि तीन जण गेले. ती कॅमेऱ्याची क्रेन नव्हती, दिव्यांसाठी आणलेली औद्योगिक क्रेन होती, हा फरक मला स्पष्ट करायचाय. पण गेलेले लोक सेटवर काम करणारे होते, पडद्यामागचे. कमल हासन यांनी त्यांच्या कुटुंबांसाठी १ कोटी रुपये जाहीर केले. काही दिवस बातम्या झाल्या, चर्चा झाल्या.

कारखान्यात वजन उचलणारं यंत्र असेल, तर ते दर १२ महिन्यांनी जाणकार माणसाकडून तपासून घ्यायचं, असं आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात लिहिलेलं होतं. पण सेट हा कारखाना वाटत नाही. तो आज आहे, उद्या नाही. सिने कामगारांसाठी १९८१ चा कायदा झाला, तो मुख्यतः नोकरीच्या अटी आणि करारांबद्दल होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत ऑडिओ-व्हिज्युअल कामगारांचा समावेश झाला, ही चांगलीच गोष्ट. पण लग्नाच्या मांडवात जिब घेऊन आलेली दोन पोरं यातल्या कुठल्या रकान्यात बसतात? ती बसेपर्यंत थांबायचं का?

तिथं कायद्याआधी सवय लागते. आणि सवयीला पैसे लागत नाहीत. जागेवर गेल्या गेल्या आधी वर बघा: तार, झाडाची फांदी, मांडवाचा पडदा. मग खाली बघा: माती, उतार, गटाराचं झाकण. मग हात जिथपर्यंत फिरेल तेवढा घेर मोजा आणि मागच्या शेपटीचाही घेर धरा, कारण वजनांच्या बाजूला लहान पोरं खेळायला जमतात. दोरी बांधा. वजनांना खीळ आणि क्लॅम्प लावा, नुसती व्यायामशाळेतली चकती दांड्यात अडकवून सोडू नका. क्रेन वापरात नसेल तेव्हा हात बांधून ठेवा. आणि क्रेन धरणारा एक, कॅमेरा बघणारा दुसरा, हे वेगळे असू द्या. एकच माणूस दोन्ही करत असेल, तर तारेकडे बघायला तिसरा ठेवा. त्याचं काम एकच, 'थांब' म्हणणं.

यजमान म्हणून तुम्हीही एक प्रश्न विचारू शकता. पॅकेज ठरवताना आपण अल्बमची पानं मोजतो, रीलची मिनिटं मोजतो. त्याबरोबर एवढंच विचारा: 'दादा, क्रेन कोण धरणार? आणि त्याने थांब म्हटलं, तर सगळे थांबणार ना?'

शेवटी

ग्रिफिथच्या मनोऱ्यापासून जिमी जिबपर्यंत शंभरहून जास्त वर्षं झाली. या काळात अभियंत्यांनी केलेलं काम अफाट आहे. माणसाला पारड्यातून उतरवलं, वजनं आपोआप सरकवली, कॅमेरा दुरून फिरवला. पण प्रत्येक वेळी एक धोका काढला की दुसरा कुठंतरी उगवला, आणि शक्यतो अशा माणसाजवळ उगवला ज्याचं नाव श्रेयनामावलीत सगळ्यात शेवटी येतं किंवा येतच नाही. मूळ गोष्ट बदलली नाही, कारण ती यंत्राची नाही, तराजूची आहे. एका बाजूचं काही काढायचं, तर दुसऱ्या बाजूला काय आहे ते आधी बघायचं. आणि ते बघण्याची जबाबदारी एकाच माणसाची असली पाहिजे, ज्याचा शब्द सगळे ऐकतील.

पुढच्या वेळी टीव्हीवर कॅमेरा गर्दीवरून तरंगत जाईल, तेव्हा फ्रेमच्या मागं वजनांपाशी उभ्या असलेल्या माणसाचीही आठवण ठेवा. तुम्हाला तो कधीच दिसणार नाही. त्याचं काम चोख झालंय याचा तोच पुरावा.

तुमच्यापैकी कुणी सेटवर, मांडवात किंवा प्रक्षेपणात क्रेनवर काम करत असाल, तर तुमच्याकडे या वस्तूंना, या कामांना काय शब्द आहेत ते मला जरूर कळवा, त्यावर एक वेगळा भाग करायचाय. भेटू पुढच्या भागात. तोवर, वर बघत चला.